साठ दिवसांचे कलम

इंदुरात गुंतवणूकदार मिळत नाहीत, त्यासाठी मुंबई किंवा बंगळुरूच गाठावे लागते, असे मला बहुतेकांनी सांगितले होते आणि मीही ते खरे धरून चाललो. त्या समजुतीपायी आमचे पाच महिने वाया गेले. मंडीतल्या व्यापाऱ्यांना सोयाबीनचा ओलावा जागेवर मोजता यावा, असे हातात मावणारे यंत्र आम्ही बनवतो. उत्पादन वाढवण्यासाठी ४० लाख रुपये हवे होते आणि त्या बदल्यात दहा टक्के भाग द्यायची आमची तयारी होती.

मुंबईच्या एका एंजल गुंतवणूकदार गटाबरोबर, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्यांच्या गटाबरोबर, बैठका सुरळीत झाल्या आणि तिसऱ्या महिन्यात टर्मशीट, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा कागद, हाती आली. 'हा दस्तऐवज बंधनकारक नाही' एवढी ठळक ओळ वाचून मी निश्चिंत झालो आणि सही केली. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की गोपनीयता आणि 'नो-शॉप' ही दोन कलमे मात्र बंधनकारक राहतील. म्हणजे साठ दिवस आम्ही दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत, आणि त्यांच्यावर पैसे देण्याचे बंधन नाही!

मग कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. जीएसटीची विवरणपत्रे, भागधारकांची यादी आणि यंत्रातल्या सर्किटचे हक्क कंपनीच्या नावावर असल्याचा करार या मागण्या रास्तच होत्या. शेवटचा कागद आमच्याकडे नव्हता, कारण माझ्या भागीदाराने ते सर्किट कंपनी स्थापन होण्यापूर्वीच तयार केले होते. ती चूक आमचीच, आणि असा करार आधीच करून ठेवावा. परंतु बाकीच्या कागदांची तीच फाइल तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा मागितली. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने फोनवर विचारले, "पण शेतकरी हे यंत्र घरी कशाला वापरेल?" आमचा ग्राहक व्यापारी आहे, हे सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर होते.

सत्तावनाव्या दिवशी निरोप आला की रक्कम तीच, पण भाग सोळा टक्के. म्हणजे कंपनीचे मूल्य चार कोटींवरून अडीच कोटींवर. आमच्या खात्यात दीड महिन्याच्या पगारापुरतेच पैसे उरले आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते, कारण बँकेची विवरणपत्रे आम्हीच दिली होती. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी नकार कळवला, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

मुदत संपताच आमच्या सीएंनी इंदुरातल्याच सांवेर रस्त्यावरच्या एका तेल कारखानदारांकडे नेले. "आधी यंत्र दाखवा, कागद मग पाहू," असे म्हणून त्यांनी खणातून मूठभर सोयाबीन काढले, एक दाणा दातांत फोडला आणि "साडेअकरा" असे सांगितले. यंत्राने ११.८ दाखवले. त्यानंतर दोन तास त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मुंबईत पाच महिन्यांत कोणी विचारले नव्हते: ओल्या हंगामात आकडा किती सरकतो, बारदानातून नमुना कसा घ्यायचा, दुरुस्ती कोण करणार. बेचाळीस दिवसांत दहा टक्क्यांवर व्यवहार झाला. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारावे की निर्णय कोण घेतो आणि आमच्या धंद्यात आपण पूर्वी पैसे घातले आहेत का.

एक गोष्ट राहिली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे पैसे आल्यावर साठ दिवसांत शेअरवाटप करावे लागते, त्याचे विवरण पीएएस-३ अर्जाने पंधरा दिवसांत भरावे लागते, आणि ते भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. मध्य प्रदेशाचे कंपनी निबंधक ग्वाल्हेरला असले तरी अर्ज ऑनलाइनच जातो. तरीही पगाराची तारीख ठरवताना हे दिवस धरावेत. आणि नो-शॉप द्यावेच लागले, तर तीस दिवसांचे द्यावे व समोरच्याने भाव बदलताच ते आपोआप संपेल, असे लिहून घ्यावे.

मुंबईच्या त्या गटाकडून प्रगतीचा मासिक अहवाल पाठवा, अशी मेल अजूनही दर पाच तारखेला येते.