32 सेकंद

शनिवार, रात्री उशिरा

आईच्या खोलीचा पोटमाळा आज एकदाचा रिकामा झाला. डिलाईल रोडची आमची खोली जेमतेम 160 चौरस फुटांची, पण पोटमाळ्यावरून जे उतरलं त्यात आणखी एक बिऱ्हाड थाटता आलं असतं. तांब्याचा बंब, बाबांच्या पंधरा वर्षांच्या डायऱ्या, गणपतीच्या मखराचे थर्मोकोलचे खांब, आणि सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा गेम. गेम म्हणजे ते यंत्र. त्याला कन्सोल म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. तसंच कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. अजूनही तोंडात तेच येतं, लेक हसतो.

पांढरा प्लास्टिकचा डबा पार पिवळा पडलाय. दोन रिमोट सुतळीने बांधलेले (दादाची गाठ, ओळखू येते), बदकं मारायची बंदूक, आणि एक कॅसेट, जिच्यावर '99,99,999 इन 1' असं छापलंय. एका मे महिन्यात आम्ही खरंच शेवटच्या गेमपर्यंत जायचा प्रयत्न केला होता. बटण दाबत राहायचं, आकडा वाढत राहायचा. कॉन्ट्रा, मारियो, सर्कस, रणगाडा, बाइक, आणि पुन्हा वेगळ्या नावाने कॉन्ट्रा, मारियो, सर्कस. चारशेच्या आसपास आईने मेन स्विच बंद केला.

बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून लॅमिंग्टन रोडवरून आणला होता तो. मूळ जपानी यंत्र 1983 सालचं, नाव फॅमिली कंप्युटर. आमचा त्याचा डुप्लिकेट, ब्रँडचं स्टिकर केव्हाच निघालेलं. लावायचा म्हणजे सोहळा. टीव्हीच्या पुढच्या झाकणाआड बारीक चक्र्या असायच्या, त्यातली एक फिरवत बसायची. आधी नुसत्या मुंग्या, मग मुंग्यांतून अंधूक मारियो, मग चित्र ठीक पण आवाज नाही. दादा चक्री फिरवायचा आणि मी "आला, आला, गेला" असं ओरडायची. तेवढंच माझं खातं.

अॅडॉप्टर मात्र सापडला नाही. तो असा तापायचा की आम्ही त्याखाली स्टीलची ताटली ठेवायचो. आजी म्हणायची, यावर पापड भाजून होतील.

रविवार

अॅडॉप्टर नाही तर नाही. लेकाने त्याच्या लॅपटॉपवर मारियो लावून दिला, वर दोन बटणांचा छोटा रिमोटही जोडून दिला. बारा वर्षांचा आहे, दया आली असावी.

पहिल्याच स्टेजला, पहिलाच तपकिरी गोळा समोरून आला आणि मी त्याच्यावर जाऊन आपटले. चला, असू दे. पुन्हा. पुन्हा आपटले. ज्या बाईने पाचवीत असताना आठव्या जगातला राक्षस पाडला होता, तिच्या तीनपैकी दोन लाइफ पहिल्या अर्ध्या मिनिटात खलास. उडी मारायची वेळच चुकत होती. बोट दाबायचं तेव्हाच दाबत होतं, पण तोवर तो गोळा पायाशी आलेला असायचा.

"आई, तुला चाळिशी लागली," असं चिरंजीव म्हणाले. चष्म्याबद्दलच बोलले असतील अशी समजूत करून घेतली.

तो मात्र दहा मिनिटांत शिकला, आणि कोणी काही न सांगता. ते बघायला मजा आली. त्या पहिल्या स्टेजची रचनाच तशी आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी 1985 साली ती बेतली तेव्हा सूचनांचं एक अक्षर पडद्यावर टाकलं नाही. मारियो डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते कळतं. प्रश्नचिन्हाच्या विटेतून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून परत तुमच्याच अंगावर येतं. वर विटा असल्यामुळे उडी मारून चुकवणंही सोपं नाही. घाबरत का होईना ते लागतं, मारियो मोठा होतो, आणि धडा झाला.

आमच्या आजीला हे पटलं नव्हतं. ती तांदूळ निवडता निवडता बघत असायची. "कुत्र्याची छत्री खाऊन कोणी मोठं होतं का रे? मरतात माणसं!" पावसाळ्यात गावी शेणकईच्या बाजूला उगवणाऱ्या छत्र्या तिने पाहिलेल्या. हॉटेलातलं मशरूम तिने मरेपर्यंत पाहिलं नाही.

लेकाने एक गोष्ट पकडली जी मला उभ्या बालपणात दिसली नव्हती. झुडपं म्हणजे हिरवे ढग आहेत. तोच आकार, फक्त रंग बदललाय. सगळा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवायचा होता, 32 स्टेज, राक्षस, राजकन्या, संगीत सगळं धरून. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं फुलाचं चित्रसुद्धा याहून जड असतं.

"आणि सेव्ह कुठे करायचं?"

सेव्ह नाही.

"मग जेवायला कसे जायचात?"

पॉज करून टीव्ही बंद करायचा, गेम चालूच ठेवायचा, वर पंचा टाकायचा, म्हणजे कोणाचा हात लागणार नाही. पण पॉज फक्त दादाला करता यायचा. स्टार्टचं बटण पहिल्या रिमोटवरच होतं, दुसऱ्यावर ते दिलंच नव्हतं. मला शू लागली तरी दादाची परवानगी. त्यात मारियो दोघांनी खेळायचा म्हणजे आळीपाळीने. तो आउट होईपर्यंत मी हिरवा मारियो होऊन वाट बघत बसायची. आणि तो आउट व्हायचाच नाही. शेजारचा तीन वर्षांचा बाळू आला की त्याच्या हातात माझा रिमोट, पिन काढलेला. कच्चा लिंबू! तो मन लावून बटणं दाबायचा. निदान त्याला माहीत तरी नव्हतं.

कॉन्ट्रात दोघं एकदम, तिथेही तेच. तिसऱ्या स्टेजला धबधबा चढायचा असतो, वरचा चढत गेला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. दादा निळ्या पँटवाला, मी लाल. लाल पँटवाला त्या धबधब्यात किती वेळा मेला याची मोजदाद नाही. "तू मागे राहिलीस, मी काय करू." अजूनही हेच म्हणतो, सिनेमाला जातानासुद्धा.

सोमवार

मुलुंडहून 8.19 ची. चौथी सीट मिळाली, म्हणजे एक पाय हवेत. कानात मारियोची चाल लावली, कोजी कोंदोने रचलेली. ही चाल 2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, व्हिडिओ गेमचं ते पहिलंच संगीत.

पण ऐकताना काहीतरी खटकलं. गेममध्ये घड्याळ 100 च्या खाली आलं की चाल एकदम पळायला लागते, पोटात गोळा येतो. मला वाटलं ही तीच धावती चाल लावलीय कोणीतरी. दुसरी लावली. तीही तशीच. तिसरी. घाटकोपर येईपर्यंत पाच ऐकल्या, पाचही पळतायत. मग कानातलं काढून मनातल्या मनात म्हटली. मनातली ऐसपैस चालते. समोरच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा कळलं की मनातल्या मनात नव्हतं.

मंगळवार, रात्री

सापडलं. लेकाने आणि मी मिळून शोधलं.

जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र काढायचे. आपल्याकडचे पॅल पद्धतीचे, सेकंदाला 50. आणि त्या यंत्राचं सगळं गणित चित्रांवर चालतं: मारियोचं पाऊल, गोळ्याचं सरपटणं, चालीचा ठेका, घड्याळ, सगळं 'दर चित्राला इतकं' असं मोजलेलं. पॅल टीव्हीसाठी बनवलेल्या डुप्लिकेट यंत्रात 60 साठी लिहिलेली कॅसेट घातली की ती बिचारी 50 ने चालायची. जपानात सहा पावलं पडायची तेवढ्या वेळात आमच्याकडे पाच. गंमत म्हणजे सूर फारसा उतरत नाही, नुसती लय संथ होते, म्हणून काही बिघडलंय असं कधी वाटलंच नाही.

हिशोब मी स्वतः केला, बँकेत आहे, आकड्यांना घाबरत नाही. पहिल्या स्टेजचं घड्याळ 400 चं. त्यातला एक आकडा उतरायला 24 चित्रं लागतात. म्हणजे 9,600 चित्रं. 60 ने भागलं तर 160 सेकंद. 50 ने भागलं तर 192.

डिलाईल रोडला आम्हाला 32 सेकंद जादा मिळत होती.

म्हणजे रविवारी माझं बोट बरोबर होतं! ते 50 च्या हिशोबाने दाबत होतं, समोरचा गोळा 60 ने येत होता. (थोडी चाळिशीही असेल. पण थोडीच.) तीस वर्षं मारियो म्हणून डोक्यात वाजवलं ती चाल आमच्यासारख्या डुप्लिकेटवाल्या घरांतली, आणि यादीत जपलेली दुसरीच, घाईतली.

इम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये त्याला पर्यायही आहे. नाव आहे 'डेंडी'. डेंडी हा रशियातला डुप्लिकेट, 1992 च्या शेवटी निघालेला, तिकडच्या पोरांचा तोच मारियो. म्हणजे आमच्या खोलीतली संध्याकाळ रशियन नावाने नोंदवलेली आहे. असो, नोंद आहे हेच पुष्कळ.

दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "म्हणजे तू स्लो गेममध्ये मरायचीस, बारके?"

फोन ठेवला.

रविवार, रात्री

दादा आला, डोंबिवलीहून, सोबत वडे. ती बंदूक बघून लहान झाला. लेकाने ती मोठ्या टीव्हीवर रोखली तेव्हा त्याला सांगत होता की काही उपयोग नाही: घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. आताचे टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, तेवढ्यात बंदुकीची वेळ टळते. हे सगळं ज्याला माहीत होतं तो काचेला नळी टेकवून बदकं मारायचा, ते मात्र त्याने भाच्याला सांगितलं नाही. मी सांगितलं.

मग डेंडी लावलं.

चाल सुरू झाली आणि दादा वडा हातात धरून थांबला. काही बोलला नाही. लेक म्हणाला, "हे लॅग होतंय. लॅपटॉप हँग झालाय का?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही."

पहिला रिमोट मी घेतला. हे ठरवून केलं. पहिला गोळा आला, बोट पडलं, चिरडला. कुत्र्याची छत्री परत आली, खाल्ली. जमिनीखालची नाणी घेतली, खड्डे पार, पायऱ्यांवरून झेंड्याच्या टोकाला. किल्ल्यावर तीन फटाके उडाले.

हे फटाके कधी उडायचे, कधी नाही. खरं कारण हे की झेंडा धरताना घड्याळाचा शेवटचा आकडा 1, 3 किंवा 6 असला की तितके फटाके. आम्हाला तेव्हा ते कुठलं माहीत. आमची पक्की समजूत होती की त्याच वेळी गॅलरीतून कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकू गेल्या की उडतात. दोनदा तसं झालंही होतं. एकदा तर दादाने त्यांना कॉमन नळापासून मुद्दाम हाक मारून बोलावलं होतं, "काकू, जरा इकडून जा ना."

दादाने दुसरा वडा उचलला आणि दाराकडे बघितलं. आमचा अकरावा मजला, बाहेर लिफ्ट आणि चपलांचं कपाट, गॅलरी कुठली.

"गेल्या वाटतं," तो म्हणाला.

लेकाने विचारलं, कोण? मी दुसरी स्टेज सुरू केली. दादा रिमोट मागत होता, मी अजून आउट झाले नव्हते.