२१ विहिरी आणि एक व्हिसा

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या अंतिम वर्षासाठी मी पुण्यातल्या रामनदीच्या खोऱ्यातील विहिरींची पाणीपातळी हा विषय घेतला, त्यामागचे कारण फारसे उदात्त नव्हते. भूगाव, बावधन, पाषाण, सूस हा सारा टापू पीएमपीच्या बसने गाठता येत होता आणि प्रकल्पाला एका पैचेही अनुदान नव्हते. सरांनी एक लांब मोजपट्टी, विद्युतवाहकता मोजण्याचे एक जुने उपकरण आणि एक कोरी नोंदवही हाती दिली. जून २०२४ पासून दर पंधरा दिवसांनी २१ विहिरींवर जायचे, पाण्याची खोली मोजायची आणि लिहून ठेवायची, एवढेच काम होते.

एवढेच काम किती अवघड असते, हे पहिल्या दोन महिन्यांत कळले. पुण्याखालचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे आणि त्यात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. घट्ट काळा पाषाण जवळजवळ कोरडाच असतो, तर मुरूम झालेला वरचा भाग, भेगा आणि दोन थरांमधला सांधा यांतून पाणी वाहते. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींची पातळी एकमेकींशी अजिबात जुळत नाही. शिवाय पंप चालू असताना घेतलेले माप निरुपयोगी ठरते, म्हणून मालक मोटार सुरू करण्याआधी, म्हणजे सकाळी सातच्या आत, विहिरीवर हजर राहावे लागते. जुलैच्या अखेरीस पुण्यात झालेल्या अतिवृष्टीत एक पूर्ण फेरी बुडाली आणि तक्त्यात तो रकाना रिकामाच राहिला.

खरा पेच नोव्हेंबरमध्ये आला. बावधनच्या एका विहिरीत दोन फेऱ्यांच्या दरम्यान पाणी २ मीटर खाली गेले होते, आजूबाजूच्या विहिरी मात्र जेमतेम वीतभर उतरल्या होत्या. मापात चूक झाली असे समजून मी तो आकडा आलेखातून काढून टाकण्याची परवानगी मागितली. सर म्हणाले, "खोडायचं नाही. आणि कधी खोडावंच लागलं, तर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. आधी कारण शोध." विहिरीचे मालक काका गप्पिष्ट होते, "पोरी, मोजून पाणी वाढतं होय गं?" असे दर वेळी विचारायचे, पण या प्रश्नावर मात्र ते गप्प झाले. तिसऱ्या चहानंतर त्यांनी सांगितले, की शेजारच्या सोसायटीला आदल्या रात्री दोन टँकर पाणी दिले होते. मी नोंदवहीत 'उपसा, २ टँकर' असे लिहिले आणि समाधानाने घरी आले.

त्याच सुमारास सरांनी व्हिएन्नाला दर वर्षी भरणाऱ्या युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या परिषदेसाठी गोषवारा पाठवायला सांगितले. प्रवाससाहाय्य हवे असेल तर गोषवारा इतरांच्या आधी पाठवावा लागतो, हे मला शेवटच्या आठवड्यात समजले, त्यामुळे तो मी तीन रात्रींत लिहिला. इतक्या महिन्यांचे काम अडीचशे शब्दांत बसवताना जे गळून पडते, ते मुळात फारसे महत्त्वाचे नव्हते असे सर म्हणतात. माझे अजूनही तसे मत नाही. गोषवारा स्वीकारला गेला, साहाय्यही मिळाले, पण विमानाच्या तिकिटाचे पैसे आधी बाबांनीच घातले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर आला. माझ्या विहिरी तिथून दूर होत्या, तरीही उपकरण घेऊन आलेली मुलगी म्हणजे महापालिकेची माणूस, असा समज पसरला. दोन मालकांनी मला फाटकातूनच परत पाठवले. त्यांची समजूत काढायला फेब्रुवारी उजाडला आणि तोवर व्हिसाचे दिवस आले होते.

व्हिसाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला हे कोणी नीट सांगितले नव्हते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो असते. किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते आणि छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचेच हवे असते. माझ्या नावावर उत्पन्न नसल्यामुळे बाबांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि खर्चाची हमी देणारे त्यांचे पत्र जोडले. एवढे सगळे लावूनही पहिल्या दिवशी माझी फाईल परत आली, ती नावावरून. महाविद्यालयाने दिलेल्या बोनाफाईडवर गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव होते. पासपोर्टवर क्रम वेगळा होता आणि आईचे नाव नावात नव्हतेच. खिडकीपलीकडच्या बाईंचे म्हणणे रास्त होते, ही दोन माणसे एकच आहेत हे त्यांनी कशावरून मानायचे? महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र 'आमच्याकडे असाच नमुना आहे' हे उत्तर मला चार दिवस मिळत राहिले. शेवटी प्राचार्यांकडून पासपोर्ट क्रमांकासह एक स्वतंत्र पत्र घेतले. दुसऱ्या खेपेला बोटांचे ठसे घेतले गेले आणि सतराव्या दिवशी पासपोर्ट हाती आला.

परिषदेत मांडायचे पोस्टर अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात कापडावर छापून घेतले. कागदी गुंडाळी विमानात सांभाळण्यापेक्षा कापडाची घडी साडीसारखी बॅगेत बसते. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, हे आईला आदल्या रात्री सांगितल्यामुळे तुपाची बरणी आणि पेढे बाहेर निघाले. मेतकूट, दाण्याची चटणी आणि बाकरवडी मात्र राहिली, आणि २६ एप्रिलला शनिवारी पोहोचून दुसऱ्या दिवशी रविवारी दुकाने बंद आढळल्यावर तीच कामी आली.

पहिल्या परदेशप्रवासाचे कौतुक मी मुद्दाम थोडक्यात आटोपते. वसतिगृहातल्या नळाचे पाणी थेट प्यायचे, हे मात्र अंगवळणी पडायला दोन दिवस गेले. ते पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचे असते. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने बांधलेले मोठे कारंजे श्वार्त्सेनबेर्गप्लात्सवर आजही आहे. ते पाहताना मला अठराव्या शतकातला पेशव्यांचा कात्रजचा नळ आणि पेठांमधले हौद आठवले. कात्रजचे पाणीही उतारानेच शनिवारवाड्यापर्यंत येत असे.

माझ्या पोस्टरची वेळ गुरुवारी, १ मे रोजी होती. पावणेदोन तास पोस्टरशेजारी उभे राहायचे असते. पहिल्या अर्ध्या तासात एकच माणूस थांबला, तोही जिना कुठे आहे हे विचारायला. मग कठीण खडकांतल्या भूजलावर काम करणारे एक वयस्क संशोधक आले. त्यांच्या घरी 'पूना' अशी चिठ्ठी लावलेला अपोफिलाइट या खनिजाचा स्फटिक होता, त्यामुळे गाव त्यांना नावाने ठाऊक होते. त्यांनी सरळ नोव्हेंबरच्या त्या बिंदूवर बोट ठेवले. मी टँकर म्हणाले, तेव्हा त्यांना तेलाचा टँकर वाटला. घरगुती पाणी रात्री ट्रकमधून विकले जाते हे समजावण्यात बराच वेळ गेला. एका टँकरमध्ये दहा हजार लिटर, हे कळल्यावर त्यांनी माझ्याच तक्त्यातला विहिरीचा ५ मीटर व्यास घेतला आणि पोस्टरखालच्या कागदावर गुणाकार केला. २ मीटर पातळी उतरली म्हणजे सुमारे ३९ घनमीटर पाणी गेले. हे चार टँकर झाले, दोन नव्हेत. शिवाय उपसा चालू असताना झऱ्यांतून आत आलेले पाणी वेगळेच. ते हसून एवढेच म्हणाले, की तुमचे शेतकरी फार विनम्र दिसतात. व्यास आणि पातळी हे दोन्ही आकडे सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला तो गुणाकार सुचला नव्हता. परतीच्या विमानात मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

४ मेला पुण्यात आले. पावसाळ्यापूर्वीची सर्वांत खालची पातळी मे महिन्याच्या अखेरीस मोजायची असे ठरले होते. पण वळवाने आधीच झोडपले आणि मान्सूनही २६ मे रोजी पुण्यात दाखल झाला, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर घेतलेली फेरीच शेवटची ठरली. त्या फेरीत मी काकांना व्हिएन्नाचे चॉकलेट दिले आणि हिशेबाचा कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"चार नाही, पाच होते," ते म्हणाले. "तू पहिल्यांदाच असं विचारलं होतंस, म्हटलं कुठं सरकारात लिहून दिलंस तर."

मी नोंदवहीतल्या '२' वर एक रेघ मारली आणि शेजारी '५' लिहिले.