पालकातलं शिसं मोजताना

वडगाव शिवारात आमचं दहा गुंठे रान आहे, बळ्ळारी नाल्याला लागून. बेळगावचं सांडपाणी याच नाल्यातून वाहतं, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की बाबा पंप नाल्यात सोडतात. त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय शोधत हिंडावं लागलं नाही. एक पालक घरचा, एक कंग्राळीच्या मामांच्या विहिरीवरचा. दोन्हींत लोह, जस्त, क्रोमियम, शिसं, कॅडमियम किती ते बघायचं.

मला वाटलेलं, यंत्रात घातलं की आकडा येतो. खरं काम त्याच्या आधीचं. निम्मा पालक धुवायचा, निम्मा तसाच ठेवायचा, 70 अंशांवर ओव्हनमध्ये कडकडीत वाळवायचा आणि पूड करायची. मी ती घरच्या मिक्सरला केली. आजी म्हणाली, "एवढी चांगली भाजी, वाळवून काय कळतंय की!"

क्रोमियम दोन्ही पालकांत भरपूर निघालं. मामांच्या विहिरीत क्रोमियम कुठून येणार? आठवडाभर मी नकाशे बघत बसले. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, "पूड कशात केलीस?" स्टेनलेस स्टीलच्या पात्यात क्रोमियम असतंच! अकीकाच्या, म्हणजे कठीण दगडाच्या, खलात हातानं कुटून पुन्हा केलं, आकडा खाली आला. काचेची भांडी रात्रभर 10 टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायला तेव्हापासून एकदाही विसरले नाही.

अर्धा ग्रॅम पूड, नायट्रिक आम्ल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. तापवलं की तपकिरी धूर निघतो. तो थांबून द्रावण नितळ होईपर्यंत धूर ओढून घेणाऱ्या हूडखाली उभं राहायचं. सोबत एक भांडं बिनपालकाचं, नुसत्या आम्लाचं. त्यात जे सापडेल ते आपल्याच हातचं, म्हणून वजा. लोह आणि जस्त यंत्राच्या ज्वालेत द्रावण फवारून मोजता येतं. शिसं, कॅडमियम इतकं थोडं असतं की ज्वालेऐवजी ग्राफाइट भट्टी, म्हणजे विजेवर तापणारी छोटी नळी, लागते.

धुतलेल्या घरच्या पालकात शिसं आलं किलोला 1.8 मिलिग्रॅम. पालेभाज्यांची युरोपीय संघाची मर्यादा 0.3. मी रात्री जेवताना बोलून गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण सकाळी पेंड्या बाजारला गेल्याच नाहीत, कोपऱ्यात तशाच सुकल्या.

चूक माझी होती. माझा आकडा वाळलेल्या पुडीचा, मर्यादा ओल्या भाजीची. आमच्या पालकात 92 टक्के पाणी भरलं, म्हणजे ओल्या किलोमागे 0.14. मर्यादेच्या आत. फोनवर बाबांना हे समजावताना पेंड्यांची आठवण काढायची हिंमत झाली नाही.

न धुतलेला पालक मात्र हिशेब करूनही 0.3 च्या जरासा वरच राहिला. त्यात लोहही दुप्पट दिसलं. ते पालकाचं नव्हे, पानाला चिकटलेल्या मातीचं. आई आता भाजी तीन पाण्यांतून काढते.

हे सगळं एका दिवशी तोडलेल्या पालकाचं. उन्हाळ्यात पंप नाल्यात असताना काय होतं ते अजून बघायचंय. आम्लधर्मी मातीतून कॅडमियम पिकात जास्त चढतं, म्हणून मातीचा सामूही (पीएच) मोजणार आहे. बाबांनी परवा स्वतःच बांधावरची माती पिशवीत भरून आणून दिली. पिशवी खताची होती. परत पाठवली.