‘मला’ आणि ‘पाहिजे’च्या मधली जागा: चित्रं देऊन मागायला शिकवण्याचा माझा अनुभव

मुलगा सव्वाचार वर्षांचा असताना आम्ही ‘पेक्स’ सुरू केलं. अजून बोलून मागता न येणाऱ्या मुलांसाठी चित्र देऊन वस्तू मागण्याची ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये विकसित केली. तिचे सहा टप्पे आहेत. ऐकू नीट येतं की नाही, याची ‘बेरा’ तपासणी त्याआधी झालेली असावी.

बहुतेक घरांत सुरुवातीलाच एक चूक होते. तक्ता दाखवून ‘हे काय? सफरचंद!’ असं चालू होतं. पण चित्राचं नाव घेणं म्हणजे संवाद नव्हे. आपल्याला काही हवं असेल तर माणसाकडे जायचं, हे मुलाला आधी कळावं लागतं. म्हणून पहिल्या टप्प्यात चित्र ओळखायला लावतच नाहीत. समोर एकच चित्र ठेवतात.

आम्ही आधी पाच-सहा वस्तू मांडून हात कशाकडे जातो ते बघितलं. चकली निघाली. एका चकलीचे आठ-दहा तुकडे करायचे, म्हणजे मागायची संधी आठ-दहा वेळा मिळते. पोट भरलेलं असताना बसवून उपयोग नाही. चित्रं साधारण पाच सेंटिमीटर चौरस, लॅमिनेट केलेली. वेल्क्रोची एक बाजू सगळ्या चित्रांमागे आणि दुसरी ती चित्रं लावायच्या वहीवर. यात सरमिसळ झाली की अर्धी चित्रं चिकटतच नाहीत.

पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर चकली घेऊन, दुसरं मुलाच्या मागे. मुलाचा हात चकलीकडे निघाला की मागच्याने तो हलकेच चित्राकडे न्यायचा, चित्र उचलवायचं आणि समोरच्याच्या तळहातावर ठेववायचं. तळहातावर चित्र पडताक्षणी समोरच्याने ‘चकली!’ म्हणत तुकडा द्यायचा. मागच्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. समोरच्याने ‘काय पाहिजे?’ विचारायचं नाही, कारण मग मूल प्रश्नाची वाट बघत बसतं आणि स्वतःहून मागत नाही. तळहातही आधीपासून पसरून ठेवू नये, नाहीतर तोच इशारा होतो. मदत शेवटाकडून काढायची: आधी हातावर ठेववणं सोडायचं, मग पुढे नेणं, अगदी शेवटी उचलवणं.

दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढतं. एक पाऊल, दोन पावलं, मग दुसरी खोली. माणसंही बदलायची. फक्त आईलाच चित्र देणारं मूल आजोबांसमोर पुन्हा रडून मागतं. हा टप्पा सगळ्यांत जास्त घाईत उरकला जातो आणि पुढे तोच नडतो.

तिसऱ्यात निवड येते: चकली आणि तिच्याशेजारी त्याला नको असलेली वस्तू, आमच्याकडे पायमोजा. मोज्याचं चित्र दिलं तर मोजाच हातात द्यायचा. चुकल्यावर ‘नाही, दुसरं’ म्हणून थांबलं तर मूल एकामागून एक चित्रं देत सुटतं. म्हणून चकलीच्या चित्रावर टिचकी मारून दाखवायचं, ते द्यायला मदत करायची (पण चकली अजून द्यायची नाही), मध्ये ‘टाळी दे’सारखं एखादं सोपं काम घ्यायचं आणि मग पुन्हा संधी द्यायची. पुढे दोन्ही आवडत्या वस्तू ठेवल्या की चित्र मिळाल्यावर ‘घे’ म्हणायचं. हात दुसऱ्याच वस्तूकडे गेला तर चित्र अजून ओळखलेलं नाही.

चौथा टप्पा वाक्यपट्टीचा, म्हणजे चित्रं ओळीने लावून वाक्य करायच्या पट्टीचा. इथे मराठीचा वेगळा विचार करावा लागतो. इंग्रजीत ‘आय वाँट’ हे एकच कार्ड आधी येतं आणि वस्तू शेवटी. आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे पट्टी ‘मला – चकली – पाहिजे’ अशी केली. ‘हवं’ मुद्दाम टाळलं: चेंडू हवा, पोळी हवी, बिस्किट हवं, म्हणजे प्रत्येक वस्तूगणिक कार्ड बदलायला लागलं असतं. ‘पाहिजे’ तिन्ही लिंगांत तेच राहतं. ‘मला’चं आणि ‘पाहिजे’चं कार्ड सुरुवातीला पट्टीवर आधीच लावून ठेवायचं, मधली जागा मुलाने भरायची. पट्टी हातात आली की एकेका चित्रावर बोट ठेवत वाचायची: ‘मला…’ इथे तीन ते पाच सेकंद थांबायचं. शब्द आला तर उत्तम, नाही आला तरी आपण वाक्य पुरं करून वस्तू द्यायचीच. बोलेपर्यंत अडवून ठेवणं ही या टप्प्यावरची सगळ्यांत वाईट चूक. चित्रांनी बोलणं मागे पडतं ही भीती घरोघर असते, पण आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

‘काय पाहिजे?’ हा प्रश्न पाचव्या टप्प्यात येतो. सहाव्यात ‘काय दिसतंय?’ आणि त्यावर सांगणं. याला वेळ लागतो, कारण सांगून खाऊ मिळत नाही, फक्त आपलं ‘हो रे, कुत्रा!’ मिळतं.

मागणं एकदा जमलं की मूल दिवसभर मागतं. तेव्हा वही उंचावर ठेवून देऊ नये, त्याऐवजी ‘थांब’चं कार्ड शिकवावं. चकलीचं चित्र आलं की ‘थांब’ हातात द्यायचं, पाच सेकंद मोजायचे, कार्ड परत घेऊन लगेच चकली. पाचाचे दहा, दहाचे वीस असं हळूहळू वाढवायचं. मध्येच रडं आलं तर आपण फार मोठी उडी मारली, एक पायरी मागे यायचं.