जुना ओएम-१ आजच्या वापरासाठी तयार करताना

काकांचा ऑलिम्पस ओएम-१ हा फिल्म कॅमेरा वापरात आणायचा, परंतु त्यात कायमचा बदल शक्यतो करायचा नाही, एवढे मी आधीच ठरवले होते. योशिहिसा मैतानी यांच्या कल्पनेतून साकारलेला हा कॅमेरा १९७२ साली एम-१ या नावाने आला आणि लायका या जर्मन कॅमेरा कंपनीच्या हरकतीनंतर लवकरच ओएम-१ झाला. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असल्यामुळे ते बॅटरीवाचूनही चालते. बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला, म्हणजे मीटरला, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मूळ बॅटरी पाऱ्याची, १.३५ व्होल्टची होती. तिचे उत्पादन आता बंद झाले आहे. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली, तर मीटरचा काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रकाश दाखवतो, निगेटिव्ह अंडरएक्स्पोज होते, म्हणजे तिला प्रकाश कमी पडतो, आणि बॅटरी उतरत जाईल तशी चूकही बदलत राहिल्याने ठरावीक फरक धरून भागत नाही. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट देते, पण वरची चिकटपट्टी काढली की ती न वापरताही संपू लागते. म्हणून १.५५ व्होल्टची सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी आणि तिच्या वाटेत एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा सुटा भाग), हा मार्ग मी निवडला. या बॅटरीचा विद्युतदाब जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर राहतो आणि इतक्या अल्प प्रवाहाला डायोड सुमारे ०.२ व्होल्ट कमी करतो. मुंबईत फोर्टातील बोरा बाजारातल्या एका कारागिराने तळाचे झाकण उघडून तांदळाच्या दाण्याएवढा हा डायोड बॅटरीच्या तारेला सोल्डर केला. डायोडवरची दिशा दाखवणारी पट्टी उलट्या बाजूला गेली, तर काटा हलतच नाही. बॅटरी आकाराने लहान असल्यामुळे भोवती एक कडेही घालावे लागले.

मागच्या झाकणाच्या खाचांतला, बाहेरचा प्रकाश आत येऊ न देणारा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने तो काढणे वेळखाऊ असले, तरी अवघड नव्हते. जपायचे होते ते दृश्य डोळ्यापर्यंत नेणाऱ्या वरच्या प्रिझमला, कारण सडलेला फोम त्याचा चंदेरी मुलामा खातो. माझ्या कॅमेऱ्यात तो वेळीच काढला गेला.

फोकसिंग स्क्रीनही (लेन्समधून आलेले दृश्य जिच्यावर दिसते ती) मी नव्या, जास्त उजळ प्रकारची घातली. मात्र ओएम-१चे मीटर स्क्रीनवरूनच प्रकाश मोजत असल्याने ते पुन्हा फसू लागले. समान उजेडातल्या भिंतीवर डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहिल्यावर एएसएची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) तबकडी किती खाली ठेवायची, ते कळले. जुनी स्क्रीन जपून ठेवली आहे.

निगेटिव्ह संगणकावर घेण्यासाठी ऑलिम्पसचीच ५० मिमीची जुनी मॅक्रो लेन्स अडॅप्टरने मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारातल्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडतो. ती वस्तूची निम्म्या आकाराची प्रतिमा देते आणि या कॅमेऱ्याचा सेन्सर ३५ मिमी चौकटीच्या साधारण निम्म्या रुंदीचा असतो, त्यामुळे लेन्स पुढे सरकवणारी वेगळी नळी न लावता पूर्ण चौकट टिपता येते.