जेफ बेकचा उजवा हात: पिक (तार छेडायची चकती) सोडल्यानंतरची नोंद (सोलापूर, चौथा महिना)

क्रम तोच: इंग्लिश रॉक गिटारवादक बेक जसा बदलत गेला, तसाच माझा गिटारचा सराव. यार्डबर्ड्सचा (बेकचा साठच्या दशकातला बँड) टप्पा संपला. १९६५च्या 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी आधी सतार वाजवून पाहिली होती; ती ओळ शेवटी बेकने फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून गिटारवर घेतली. म्हणजे मींडेची ओढ तेव्हापासूनच. 'ब्लो बाय ब्लो' (१९७५) मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा ठसा स्पष्ट ऐकू येतो, पुढच्या वर्षी 'वायर्ड'मध्ये कीबोर्डवादक यान हॅमरचा सिंथ (सिंथेसायझर). ऐंशीच्या दशकात पिक सुटला आणि खरा बेक तिथून ऐकू येतो.

आता काम स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) बारवर, म्हणजे ब्रिज हलवून स्वर वरखाली करणाऱ्या दांड्यावर. ०१०–०४६ तारा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), मागे ३ स्प्रिंगा, ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर. क्लॉचे (स्प्रिंगा धरणारी मागची पट्टी) स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा आणि दर वेळी सहाही तारा पुन्हा सुरात लावा. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्यामुळे चार-पाच फेऱ्या होतातच. बार पूर्ण वर ओढल्यावर 'जी' (G) तार तीन सेमीटोन (अर्धस्वर), बी दोन, बारीक ई एक, इतकं चढायला हवं.

बार दाबून सोडल्यावर स्वर चढा आला, तर तार नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकतेय. बेंडनंतर (बोटाने तार ताणून स्वर चढवल्यावर) उतरलेला आला तरी कारण तेच. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, खुंटीवर तीनच वेढे ठेवा. मे महिन्यात गिटार कूलरसमोर नको: ओलाव्याने तार गंजते आणि गंजलेली तार हमखास अडते.

सराव असा: अंगठ्याने तार छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर, बार मधल्या बोटांखाली. आवाज शून्यावर ठेवून छेडा, मग उघडा. आघात गळून स्वर गळ्यातून आल्यासारखा येतो. तानपुरा ॲप लावून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला घंटेसारखा स्वर) घ्या, बारने एक सेमीटोन खाली नेऊन परत आणा. ट्यूनरवर ५ सेंटच्या (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) आत येईपर्यंत पुढे जायचं नाही. बेकचं 'व्हेअर वेअर यू' (१९८९) पूर्ण याच कसबावर उभं आहे; त्यामागे बल्गेरियन स्त्रियांचं समूहगान आहे, ते आधी ऐकाच.

सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी माग चालू असेल तर सिंगल कॉइल (स्ट्रॅटचा एका गुंडाळीचा पिकअप) घूं करते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असल्यास पिकअप निवडायचा स्विच २ किंवा ४ वर ठेवा.

हार्मोनिक पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर जमले. नितीन साहनीच्या, बेकनेही वाजवलेल्या 'नादिया'ची पहिली ओळ ६० बीपीएमला (मिनिटाला ६० ठोके) अजून सुराच्या खाली जातेय.