चिठोरं

परवा दुपारी जेवून जरा आडवा होतोय तोवर तालमीतल्या दोस्ताचा फोन. "भावा, वर्गणीची एंट्री होईना बघ. यादी दिसतीया, पण सेव्ह केलं की म्हणतंय अनेबल टू ओपन डेटाबेस फाईल."

यादी दिसतीया म्हणजे फाईल उघडलीया की, मग उघडत नाही म्हणणारं हे कोण?

ॲप एसक्यूलाईटवर, म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाईलीत. आदल्या दिवशी पाथ, म्हणजे फाईलीचा पत्ता, अर्धवट दिलेला म्हणून भलत्याच फोल्डरात नवी कोरी फाईल जन्माला आली आणि 'नो सच टेबल', म्हणजे असला तक्ताच नाही, सुरू, ते निस्तरून पूर्ण पाथ घातला तर आज हे. फाईलला 666 दिलंय म्हणाला, म्हणजे कुणीही वाचावं, कुणीही लिहावं. आणि फोल्डर कुणाचं? रूटचं, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचं. सर्व्हर चालतोय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या दुसऱ्याच साध्या युजरच्या नावानं, त्याला त्या फोल्डरात नवी फाईल करता येत नाही. मग बरोबर आहे, एसक्यूलाईट काही बदलायच्या आधी जुना मजकूर शेजारीच जर्नल फाईलीत उतरवून ठेवतं, काम पुरतं झालं की ती काढून टाकतं, मधेच लाईट गेली तर त्यावरनंच मागं फिरतं. वहीत लिहायची मुभा आहे, शेजारी चिठोरं ठेवायला जागा नाही.

आजोबा शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. वहीत आकडा खोडायचा झाला की आधी जुना आकडा चिठोऱ्यावर लिहून डेस्कावर ठेवायचे, बेरीज जुळली की मगच फाडायचे. सुट्टीत मला वहीत लिहू द्यायचे पण डेस्काला हात लावायचा नाही, का ते कधी सांगितलं नाही, म्हणून मी मांडीवर वही घेऊन लिहायचो, ओळी सगळ्या उताराला लागलेल्या, पानं गुळानं चिकट आणि डोक्यावर गांधीलमाश्या.

"फोल्डर सगळ्यांना खुलं करू, 777 मारू का?" दोस्त विचारत होता.

"नको लगा, आख्खी पेठ आत येईल. फोल्डर आणि फाईल दोन्ही सर्व्हरच्या युजरच्या नावावर कर."

दोन मिनिटांत एंट्री झाली. झोप मात्र गेली ती गेलीच.

आजोबा गेले तेव्हा डेस्काच्या कप्प्यात एक चिठोरं सापडलं होतं. 1,340, खाली रेघ. कुणाच्या खात्याचं, काही लिहिलेलं नाही. आईनं ते परत तिथंच ठेवलं.